रिकामी परतलेली देग

कणकेचा एक लांब ओला पट्टा.

सित्र्याहून येणारी कंपनीची बस, संध्याकाळी साडेपाचची.

व्हिएतनाम.

साठ मिनिटांची कॅसेट, दोन्ही बाजूंनी भांडणाने भरलेली.

खाडीचा वरचा काठ. खाडीचा खालचा काठ.

आठवीतल्या मुलीची निळी वही.

"मफी," म्हणजे नाही.

मित्रांनो, हे तुकडे एकमेकांना चिकटत नाहीत, असे तुम्हाला वाटेल. पण तांदूळ, कांदा, मटण आणि केशर यांचे तरी एकमेकांशी काय नाते असते? ती सगळी एकत्र येतात माझ्या पोटात. मी देग आहे. जुनी, तांब्याची, एका वेळी वीस किलो तांदूळ शिजवणारी. बहरैनमध्ये उम्म अल हस्समच्या एका तिसऱ्या मजल्यावर, गॅलरीत, मी राहते.

माझा जन्म रत्नागिरीचा. एका तांबटाने मला घडवले. तो सकाळपासून मला ठोकत असे आणि ठोकताना अधूनमधून कान लावून माझा आवाज ऐकत असे. "अजून कच्ची आहे," असे म्हणून पुन्हा हातोडी उचलत असे. त्याच्या हातोडीचे ठसे माझ्या अंगावर अजून आहेत. करंजखोल गावच्या, बहरैनमध्ये राहणाऱ्या मंडळींनी वर्गणी काढून मला घेतले आणि आगबोटीने इकडे आणले. गळ्याशी नाव कोरले: करंजखोल वेल्फेअर, बहरैन. कोरणाऱ्याने 'बहरैन' जरा तिरके कोरले. तेवढे एक व्यंग सोडले तर मी देखणी होते.

करंजखोल हे खाडीकाठचे गाव. तिथे वरचा मोहल्ला आहे आणि खालचा मोहल्ला आहे. मी दोघांची. कुणाच्या तान्ह्या मुलाचा अकीका असो, रमजानची इफ्तारी असो, कुणी नोकरी संपवून कायमचा गावी निघालेला असो, मला बोलावणे येई. एक्याण्णव साली आखाती युद्धाचे भोंगे वाजत होते आणि लोकांनी खिडक्यांना चिकटपट्ट्या लावल्या होत्या, तेव्हा दोन्ही मोहल्ल्यांची नऊ कुटुंबे एका फ्लॅटमध्ये बसून माझ्यातली खिचडी खात होती. खिचडीत मीठ जास्त झाले होते. कुणी काही बोलले नाही.

माझा एक नियम आहे. तो कुणी लिहिलेला नाही, पण सगळ्यांना पाठ आहे. देग ज्याच्या घरी जाईल त्याने ती रिकामी परत करायची नाही. दोन वाट्या बिर्याणी असो, चार मुटकी असोत, निदान मूठभर साखर असो. झाकण उघडल्यावर तळाशी काहीतरी दिसले पाहिजे. रिकामी देग परत करणे म्हणजे 'तुमचा आमचा संबंध संपला' असे तोंडावर सांगणे. इतक्या वर्षांत मला कुणी रिकामे पाठवले नव्हते.

आता युद्धाचे सांगते.

गावात खाडीवर जेटी बांधायची असे ठरले. वरच्या मोहल्ल्याचे म्हणणे, जेटी आमच्याकडे हवी. खालच्याचे म्हणणे, आमच्याकडे. गावात आधी शब्दाला शब्द झाला, मग लग्नाची बोलावणी थांबली, आणि मग कॅसेटी सुरू झाल्या. गावचे वडीलधारे टेपरेकॉर्डरसमोर बसून आपली बाजू बोलत आणि सुट्टीवरून परतणाऱ्याच्या हाती कॅसेट पाठवत. शुक्रवारी नमाजनंतर इथे ती वाजे. मागे कोंबडा ओरडे, कुणीतरी खोकत असे आणि मधूनच आवाज येई, "त्यांच्याशी सलाम-कलाम ठेवाल तर गावात पाय टाकू नका."

बहरैनमध्ये खाडी नाही. जेटीवर उतरायला यांच्यातले कुणी वर्षातून एकदासुद्धा जात नव्हते. पण बोलचाल बंद झाली. कोल्ड स्टोअरमध्ये, म्हणजे कोपऱ्यावरच्या वाणसामानाच्या दुकानात, दूध घ्यायला एक आत असला तर दुसरा बाहेर उन्हात उभा राहू लागला. हे युद्ध एकालाही आवडत नव्हते. आणि ते थांबवायला पहिला होण्याचीही कुणाची तयारी नव्हती. मला कुणी नेईना. वरच्यांनी नेली तर खालचे जेवणार नाहीत, खालच्यांनी नेली तर वरचे. वर्षभर मी गॅलरीत पालथी पडून होते. कबुतरे माझ्या पाठीवर बसत. मित्रांनो, पालथ्या भांड्याला आभाळ दिसत नाही, फक्त फरशी दिसते.

ही गॅलरी ताहिरची. तो सित्र्याला एका वर्कशॉपच्या स्टोअरमध्ये क्लार्क होता आणि वेल्फेअरचा अध्यक्ष होता. सगळे त्याला प्रेसिडेंट म्हणत, काही आदराने, काही चेष्टेने. तो वरच्या मोहल्ल्याचा. त्याचा दोस्त अझहर खालच्या मोहल्ल्याचा, एसी दुरुस्त करणारा. तेही वर्षभर बोलले नव्हते.

अझहर आणि महमुदाची मुलगी झिकरा. तिचे लग्न नोव्हेंबरच्या शेवटच्या शुक्रवारी जनाबियात ठरले, अझहर कामाला होता त्या बंगल्यांच्या कंपाउंडमधल्या हॉलमध्ये. झिकराने दागिन्यांबद्दल तोंड उघडले नाही. तिने एकच मागितले: जेवण देगेतले हवे आणि जेवायला दोन्ही मोहल्ले हवेत. अझहर म्हणाला, ते माझ्या हातात नाही. ती म्हणाली, मग लग्न गावीच का नाही केलेत, तिथे तरी अर्धे गाव येणार नाही हे आधीच ठाऊक होते. हे मला तुकारामने सांगितले. तुकाराम आमच्याच गावचा, कुणबीवाडीतला. त्याची पिकअप होती. त्याला दोन्ही मोहल्ल्यांत मज्जाव नव्हता, आणि सामान चढवता-उतरवताना तो सामानाशीच बोलत असे.

ऑक्टोबरात ताहिरची मुलगी सुहा निळी वही घेऊन माझ्या पाठीवर येऊन बसू लागली. शाळेने प्रकल्प दिला होता: एका अध्यक्षाने परदेशातले एक नावडते युद्ध कसे संपवले. अमेरिकेचा एक अध्यक्ष, व्हिएतनामचे युद्ध. ती मोठ्याने वाचून पाठ करी आणि माझे पोट पोकळ असल्यामुळे तिचा आवाज आत घुमत राही. ताहिर ड्यूटीवरून येऊन चहा घेत ऐके. तो मराठीत विचारी, ती इंग्रजीत उत्तर देई, मधे अडली तर मराठीवर येई.

त्याला हे एवढे समजले. त्या अध्यक्षाला युद्ध थांबवायचे होते, पण हरलो असे दिसू द्यायचे नव्हते. म्हणून त्याने सैनिक एकदम नाही, थोडेथोडे करून परत आणले. लढाई त्या देशातल्याच फौजेकडे सोपवली. तुमचे युद्ध आहे, तुम्ही लढा. पॅरिसला गुपचूप बोलणी चालवली. आणि वरून बाँबही टाकत राहिला, शेजारच्या देशावरसुद्धा.

"बाँब कशाला?" ताहिरने विचारले.

सुहाने वही चाळली. बोलणी करणाऱ्याला लोकांनी कमजोर समजू नये म्हणून, असे तिने सांगितले. त्यात खूप माणसे मेली, हेही सांगितले. मग म्हणाली, "इट टुक हिम फोर इयर्स, अब्बा."

ताहिरने चहा संपवला. "आपल्याकडे सहा आठवडे आहेत," तो म्हणाला.

"फॉर व्हॉट?"

कपबशी माझ्या पाठीवर ठेवून तो आत गेला. मी ती कपबशी पडू दिली नाही.

पुढच्या शुक्रवारी वेल्फेअरचा टेपरेकॉर्डर बिघडला. ताहिरने दुरुस्तीला टाकतो म्हटले आणि टाकला नाही. कॅसेट वाजली नाही, त्यामुळे कुणाला नवा राग आला नाही. वरच्या मोहल्ल्याच्या पुढच्या बैठकीत तो म्हणाला, ज्यांना शिफ्टमध्ये एकत्र काम करावे लागते त्यांनी सलाम केला तर चालेल, मजबुरी आहे. मग ज्यांची मुले एका शाळेत जातात त्यांना सूट मिळाली. मग एका इमारतीत राहणाऱ्यांना. असे थोडेथोडे सैन्य मागे आले. गावाला त्याने पत्र लिहिले: जेटी तुमची, खाडी तुमची, भांडणही तुमचेच, आम्ही इथून दुवा करू. उत्तरात जी कॅसेट आली ती कुणी ऐकली नाही, कारण टेपरेकॉर्डर बिघडलेला होता.

बाँबही त्याने टाकले. दर बैठकीत तो टेबलावर हात आपटून सांगे, वरचा मोहल्ला एक इंच हटणार नाही. खालच्या मोहल्ल्याला हे कळे आणि ते चिडत. ताहिर मला सांगण्याइतका मोकळा नव्हता, पण त्या रात्री तो जेवत नसे.

आणि बोलणी. ती एका कोल्ड स्टोअरच्या मागच्या खोलीत, तांदळाच्या गोण्यांवर बसून झाली. तुकारामने दोघांना वेगवेगळे आणून सोडले. आत काय झाले ते त्याला दिसले नाही. पहिली दहा मिनिटे आतून काहीच आवाज आला नाही, म्हणून त्याला वाटले दोघे मेले की काय. असे ठरले की लग्नाआधी, मंगळवारच्या हळदीला, देग गुपचूप अझहरकडे जाऊ द्यायची. आभाळ कोसळते का बघायचे. नाही कोसळले तर शुक्रवारी उघड न्यायची. ताहिरने बजावले, हे कुणाला कळता कामा नये. दोनदा बजावले.

ताहिरची बायको अख्तरुन्निसा वरच्या मोहल्ल्याची पक्की. तिला ताहिरने सांगितले, देग कल्हईला जातेय. तुकारामने मला ताडपत्रीत गुंडाळून नेले. वर्षभराने माझ्याखाली जाळ लागला. मित्रांनो, त्या सुखाचे मी काय वर्णन करू? झाकणाभोवती वाफ कोंडायला कणकेचा ओला पट्टा बसला, वर निखारे पडले, आणि आत सगळे हळूहळू एकमेकांचे झाले.

बुधवारी सकाळी मी परत आले. अख्तरुन्निसाने झाकण उचलले, कल्हई बघायला. कल्हई जुनीच होती, करडी. तिने वाकून वास घेतला. ती अशी बाई आहे की वासावरून तेलाची कंपनी सांगेल. तिने ताहिरला वर्कशॉपमध्ये फोन लावला. फोन गॅलरीच्या दारालगत होता, त्यामुळे मी एक बाजू ऐकली.

तिने विचारले, देग कुठे होती. तिकडून उत्तर आले. मला वाटले ओरडेल. पण ती अगदी हळू म्हणाली, "अझहरकडे गेली तर गेली. मी काय खाल्ला असता तुम्हाला? पण रिकामी आलीय. धुऊनपुसून, रिकामी. त्यांनी काय ते सांगून टाकला. आता शुक्रवारी मी नाय, आणि माझ्यामागून कोणी नाय."

दुपारपर्यंत वरच्या मोहल्ल्याच्या प्रत्येक घरी कळले. देग रिकामी परत आली, आणि प्रेसिडेंटने ती चोरून पाठवली होती. दोन्ही गोष्टींचा राग आला, पण पहिलीचा जास्त.

संध्याकाळी ताहिर बसमधून उतरून गॅलरीत आला आणि स्टुलावर बसला. चहा मागितला नाही, मिळालाही नाही. लग्नाला दोन दिवस होते. सुहा माझ्या शेजारी उभी होती. ती म्हणाली की त्या अध्यक्षानेही लोकांपासून लपवले होते, आणि बाहेर आल्यावर लोक जास्त चिडले.

"मग त्याने काय केला?"

"ही रिझाइन्ड." मग तिला बापाचे तोंड बघून दया आली असावी. "बट दॅट वॉज फॉर अनदर थिंग, अब्बा."

ताहिर हसला नाही. तो म्हणाला, झिकराला मी काय सांगू. एवढेच दोनदा म्हणाला.

गुरुवारी दुपारी अख्तरुन्निसाकडे वरच्या मोहल्ल्याच्या पाचसहा बायका जमल्या होत्या. शुक्रवारी सगळ्यांनी मिळून कुठेतरी सहलीला जावे, म्हणजे लग्नाला न जाणे नीट दिसेल, असे चालले होते. ताहिर आतल्या खोलीत बसून होता. तेवढ्यात जिन्यावर पावले वाजली. अझहर वर आला. लिफ्ट नव्हती, ऊन होते, आणि त्याच्या दोन्ही हातांत मिळून एक मोठे पातेले होते. रस्त्याने सगळ्यांच्या देखत तो ते घेऊन आला होता. मागे तुकाराम, रिकाम्या हाताने. अझहरने त्याला हात लावू दिला नव्हता.

बायकांनी पदर, ओढण्या सावरल्या. कुणी 'या' म्हटले नाही. अझहर सरळ गॅलरीत आला, माझे झाकण काढले आणि पातेल्यातले सगळे माझ्यात ओतले. हळदीच्या दिवशीची बिर्याणी नव्हती ती. ताजी होती, गरम होती.

"भाभी," तो म्हणाला, "देग रिकामी पाठवली ती चूक माझी. महमुदा वाडगा भरून उभी होती. मीच अडवला तिला. ताहिर बोलला होता, कोणाला कळता नये. मला वाटला, आत काय ठेवला तर वासाने कळेल. बोलणी मोडतील. एवढाच डोक्यात धरून बसलो. देगेचा कायदा विसरलो."

अख्तरुन्निसा आतल्या खोलीच्या दाराकडे वळली. ताहिर तिथे येऊन उभा होता. तिने विचारले, असे सांगितले होते का. त्याने होकाराची मान हलवली.

"म्हणजे अपमान नव्हता," ती म्हणाली, "नुसती अक्कल नव्हती."

एक बाई म्हणाली, तरी पण चोरून व्यवहार करणे बरे नाही. दुसरीने हो म्हटले. अख्तरुन्निसाही म्हणाली, तेच तर. आपल्या माणसांपासून लपवायचे कशाला?

दारात तुकाराम घाम पुसत उभा होता. "भाभी," तो म्हणाला, "मग मी बोलू काय आता? वर्षभर दर महिन्याला महमुदाभाभींकडे सांदणांचा डबा कोण पाठवत होता?"

अख्तरुन्निसाने माझे झाकण उचलून उगाच पुसायला घेतले.

"आणि ह्या?" तुकारामने ओढण्यांकडे बोट केले. "ह्यांचा सुका बांगडा? आणि ह्यांची शिवायची मशीन दोन महिने खालच्या मोहल्ल्यात होती, ती काय चालत गेली? एकीला दुसरीचा सांगायचा नाय म्हणून मला शपथ. माझी गाडी म्हणजे नुसती शपथांनी भरलीय. डिझेलला जागा नाय."

मित्रांनो, पहिली कोण हसली ते मला कळले नाही. तोंडाला ओढणी होती. पण एकदा सुरू झाल्यावर ते थांबेना. ताहिर भिंतीला टेकला. अझहर रिकामे पातेले पोटाशी धरून उभा होता आणि त्याचे खांदे हलत होते. फक्त अख्तरुन्निसा हसली नाही. ती लाल झाली होती. तिने माझ्या आत बघितले, एक घास उचलून खाल्ला, मीठ बघितले.

मग म्हणाली, "खलास. हा जेवण काढून घ्या ताटांत. आणि तुकाराम, यल्ला, देग उचल. संध्याकाळच्या आत खरोखरची कल्हई होऊन आली पाहिजे. उद्या लग्नात ही असली काळी देग नेणार काय आपण?"

'आपण' हा शब्द सगळ्यांनी ऐकला. ताहिरने अझहरच्या हातातले पातेले घेतले.

मनामाच्या बाजारातल्या म्हाताऱ्या कल्हईवाल्याने आधी मान हलवून मफी, मफी केले. आज नाही, शनिवारी या. तुकारामने त्याला कोणत्या भाषेत काय सांगितले ठाऊक नाही, पण मी मगरिबच्या अजानला चांदीसारखी होऊन परतले.

शुक्रवारी जनाबियाच्या हॉलमागे माझ्याखाली लाकडे पेटली. झिकरा नवरीच्या कपड्यांत मागच्या दाराने मला बघायला आली. तिने झाकण उघडायला लावले नाही. नुसती उभी राहिली, हॉलमध्ये दोन्ही मोहल्ल्यांची किती माणसे आहेत त्याचा आवाज ऐकत. मग गेली. माझ्या पोटातले तीनदा संपले आणि तीनदा शिजले. शनिवारी मी घरी आले तेव्हा मी इतकी भरलेली होते की तुकारामला दुसरा माणूस लागला.

गावातले भांडण त्यानंतरही चालू राहिले, असे ऐकते. सुहाच्या वहीतही शेवटच्या पानावर लिहिले होते की अध्यक्षाचे सैनिक घरी आले, पण तिकडची लढाई आणखी दोन वर्षे चालली. ताहिरने ते पान वाचले आणि बराच वेळ खाडीचा विचार करत बसला असावा. पण गावाची कॅसेट आली की तो ती पुसतो आणि वर सुहाच्या पाठांतराचे आवाज भरतो. टेपरेकॉर्डर बरा झाला आहे.

आता माझे दिवस सांगते आणि थांबते. हल्ली लग्नांना केटरर येतात. त्यांच्याकडे ॲल्युमिनियमची हलकी भांडी असतात. मला वर्षातून दोनदा, तीनदा नेतात. बाकी मी गॅलरीत असते, पण उताणी, हे लक्षात घ्या. अख्तरुन्निसा मला आता पालथी घालू देत नाही. पावसाचे चार थेंब पडले तर ते माझ्यात पडतात. कबुतर कडेवर बसते आणि आत बघते. मी सुखात आहे.

मित्रांनो, तुमच्या घरात असे एखादे जुने, सगळ्यांचे मिळून असलेले भांडे असेल. त्याला वर्षातून एकदा कल्हई करा. चिंचेने घासा, राखेने नको. भांडण झाले तर भांडे कुलपात घालू नका. भांड्याला भांडणातले काही कळत नाही, त्याला फक्त जाळ कळतो. आणि कुणाचे काही परत करताना थोडे तरी आत ठेवा. फार नको. झाकण उघडणाऱ्याला तळ दिसू नये, एवढेच.

आणि एक सांगायचे राहिले: ताहिर आणि अझहर १९७७ साली एकाच विमानाने, दोघांत मिळून एक पेटी घेऊन बहरैनला आले होते.